जुन्या छपाईचा लूक हवाय? फाइल देण्याआधी हे वाचा

‘जुन्या बिडीच्या लेबलासारखं करून द्या,’ असं म्हणत चटणीवाले, चादरवाले, सोलापूरच्या गड्डा जत्रेत स्टॉल लावणारे हल्ली बरेच येतात. मोबाइलवर डिझाइन तयार असतं, वर तपकिरी फिल्टर मारलेला. त्यानं चित्र जुनं दिसत नाही, चहा सांडल्यासारखं दिसतं.

आमच्या काउंटरवर एक जुनं लेबल आहे, ते भिंगातून बघा. फेट्याचा लाल रेषेच्या उजवीकडे केसभर बाहेर गेलाय, डावीकडे तेवढीच पांढरी फट. गालाचा गुलाबी म्हणजे नुसते बारीक लाल ठिपके. निळ्यावर पिवळा चढला तिथं हिरवा झालाय. रंग मोजकेच, आणि प्रत्येक रंगाला कागद मशीनमधून पुन्हा जायचा, म्हणून रजिस्टर (रंगावर रंग नेमका बसणं) हलायचं.

आम्ही हेच फाइलमध्ये करतो. आधी रंग तीन-चारवर आणतो. (भांडण इथंच होतं, ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारा रंग, कुणाला सोडवत नाही.) प्रत्येक रंगाचा लेयर (थर) वेगळा, मल्टिप्लायवर, म्हणजे रंगावर रंग चढला की शाईसारखा मिसळतो. छटा ठिपक्यांत, इंचाला ठिपक्यांच्या साधारण 60 ओळी. ओळींचा कोन निळ्याला 15 अंश, काळ्याला 45, लालला 75, पिवळ्याला 0. कोन चुकले की नको ती नक्षी उठते. मग एखादा रंग सरकवायचा. 300 डीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) 6 पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर, तेवढं पुरे. काळा थोडा फिका, कागद थोडा पिवळट. फाटक्या कडा मात्र जपून: गिऱ्हाइकाला पाकीटच फाटलंय असं वाटतं.

देवादिकांच्या जुन्या तसबिरींचा लूक वेगळा. 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसची चित्रं दगडावरून छापलेली, एकेका रंगाला एकेक दगड. तिथं ओळीतले ठिपके चालत नाहीत, दाणा विस्कटलेला लागतो.

माप आधी पक्कं करा. ठिपके पडल्यावर चित्र लहान-मोठं केलं की बिघडतं. लेयर असलेली मूळ फाइल द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.

ठिपक्यांची फाइल नेहमीसारखी चार रंगांत छापली तर ठिपक्यांवर पुन्हा ठिपके पडतात. एकदा आम्हीच हजार लेबलं अशी छापली. पैलवानाच्या तोंडावर चादरीसारखी चौकडी! सगळी आमच्या खर्चानं रद्दीत गेली. आता एकेका रंगाची प्लेट वेगळी काढतो आणि त्याच रंगाची शाई लावतो.

कागद मॅपलिथो (बिनचकाकीचा) घ्या, आर्ट पेपर चकाकतो. लॅमिनेशन टाळा. शेंगाचटणीच्या लेबलाला मात्र मॅट लॅमिनेशन हवंच, नाहीतर तेलानं ते दोन दिवसांत खरोखरच जुनं होतं.