नवं कोरल थेट मोठ्या टाकीत सोडू नका

आमच्याकडून झोआ, मश्रूम अशी बिनसांगाड्याची कोरल घेताना हे पत्रक जरूर वाचा. नवं कोरल आधी काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत (क्वारंटाइनमध्ये) ठेवावं, ते का आणि कसं हे यात आहे. (टणक सांगाड्याची कोरल आम्ही ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत ती संरक्षित आहेत.)

बरेच जण घरी गेल्यावर कोरल दहा मिनिटं डिपमध्ये (किडे पाडणाऱ्या औषधी पाण्यात) बुडवतात आणि लगेच टाकीत लावतात. डिपमुळे फिरते किडे सुटून पडतात, पण अंडी शाबूत राहतात. झोआ खाणारी न्यूडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) तर ज्या झोआवर जगते त्याचाच रंग घेते. मिटलेल्या पॉलिपशेजारी (पॉलिप म्हणजे झोआचं एकेक फुलासारखं तोंड) ती बसली असेल, तर आमचीही नजर चुकते. म्हणून रात्री दिवे बंद झाल्यावर पॉलिपच्या देठाशी टॉर्च मारून बघा. बारीक, पांढरट, वेटोळं घातलेली लड दिसली तर ती अंडी. चिमट्याने अलगद काढा. मग दर पाच-सात दिवसांनी पुन्हा डिप करा, असं तीन-चार वेळा. तोवर नवी पिल्लं बाहेर आलेली असतात आणि अंडी घालण्याआधीच हाती लागतात.

हे करताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. झोआ लागलेला दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. त्या वाफेने घरातली माणसं आजारी पडू शकतात.

क्वारंटाइनला चाळीस लिटरची साधी टाकी पुरते. तळाला वाळू नको. हीटर, छोटा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि बेताचा दिवा बस. तापमान 25-26 अंश, खारेपणा 1.025 (विशिष्ट गुरुत्व). पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा टाकीवर पंखा लावावा लागतो आणि पाणी भराभर उडतं. मीठ मात्र मागे राहतं, म्हणून रोज साधं आरओचं पाणी घालून पातळी राखा. ज्या टाकीत कधी तांब्याचं औषध पडलंय, ती यासाठी अजिबात वापरू नका.

या टाकीत मासा ठेवू नका. माशांना पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीची कवचं प्लगला (कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं त्या छोट्या चकतीला) चिकटून येतात, आणि मासा मिळाला नाही तरच तो संपतो. कोरलच्या टाक्या पाळणारे त्यासाठी 76 दिवस मोजतात. किडीसाठी सहा आठवडे पुरतात, पण घरात टँग (हा रोग पटकन जडणारा समुद्री मासा) असेल तर आम्ही 76 चाच आग्रह धरू.

मोठ्या टाकीत लावताना जुना प्लग फेकून द्या आणि कोरल नव्या प्लगवर जेल ग्लूने चिकटवा. क्वारंटाइनचं पाणी, जाळी, चिमटा, काहीच तिकडे जाऊ देऊ नका.

शंका वाटली तर फोटो आणून दाखवा. निळा दिवा बंद करून पांढऱ्या उजेडात काढा, निळ्यात कीड दिसत नाही.