प्रलयोत्तर चित्रपटांतील भविष्य आणि कोल्हापूरचा महापूर

अणुयुद्ध, साथ किंवा पुराने संस्कृती कोलमडल्यावर मागे उरलेल्या माणसांची कथा सांगणारा तो प्रलयोत्तर चित्रपट. या चित्रपटांनी भविष्य म्हणून दाखवलेली बरीच वर्षे आता उलटून गेली आहेत. ‘सॉयलेंट ग्रीन’ने (१९७३) २०२२ सालच्या न्यूयॉर्कमध्ये ४ कोटी माणसे कोंबली, प्रत्यक्षात त्या साली तिथे ८५ लाखही नव्हती. ‘वॉटरवर्ल्ड’मध्ये (१९९५) बर्फ वितळून जवळजवळ सारी जमीन बुडते. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तरी समुद्र सुमारे ७० मीटरच चढेल, आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे.

कोल्हापूर बुडाले ते पंचगंगेने. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे आकडे शहरात पोराटोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांपुढे गेले. टंचाईचे चित्र मात्र पडद्याने अचूक रंगवले होते. ‘वॉटरवर्ल्ड’मधली माणसे अथांग पाण्यावर राहून गोड्या पाण्यासाठी झगडतात, २०१९ मध्ये उपसा केंद्रेच पाण्याखाली गेल्याने वेढलेल्या शहरात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरले. ‘मॅड मॅक्स २’ (१९८१) पेट्रोलभोवती फिरतो. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडल्यावर इथेही पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावे लागले.

चित्रपटांची मोठी चूक झाली ती माणसांबाबत. पडद्यावर कायदा संपला की टोळ्या उठतात. आपत्तींचा आयुष्यभर अभ्यास केलेले अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली यांना मात्र घबराट आणि लूटमार क्वचितच आढळली. शेजारीच आधी धावून येतात, असे त्यांचे निरीक्षण होते. कोल्हापुरात तेच घडले. तालमी-मंडळांची पोरे पाण्यात उतरली, मंगल कार्यालयांत चुली पेटल्या, कोरड्या गावांतून भाकरी आल्या. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली या नदीकाठच्या गावात तर दारात नाव आली तरी गोठ्यातली म्हैस सोडून निघायला अनेकजण तयार नव्हते. प्रलयोत्तर चित्रपटाचा नायक बहुधा एकटा आणि बिनपाशाचा असतो. त्याच्या कथेत अशा माणसाला जागाच नाही.

पाणी ओसरल्यानंतरचे दिवसही हे चित्रपट गाळतात. घरातला चिखल, उन्हात टाकलेल्या गाद्या, पंचनामा, सानुग्रह अनुदान, कुजलेला ऊस. शिवाय पडद्यावरचा प्रलय एकदाच येतो. चिखलीकरांना सोनतळीला पुनर्वसनाची जागा मिळालेली आहे, पण शेती नदीकाठीच. त्यामुळे पाणी चढू लागले की जनावरांसह तिकडे जायचे आणि उतरले की परत यायचे, असा गावाचा पावसाळा असतो.