ऑर्गन ॲम्प्लिफायरचे गिटार ॲम्प्लिफायरमध्ये रूपांतर

व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणाऱ्या जुन्या इलेक्ट्रिक ऑर्गनमधला ॲम्प्लिफायर बाहेर काढून, त्याची जोडणी बदलून तो इलेक्ट्रिक गिटारसाठी वापरण्याची पद्धत. ती मुख्यतः अमेरिकेतली, हौशी कारागिरांनी रुळवलेली आहे. संगीत नाटकाच्या साथीला असायचा तो भात्याचा ऑर्गन इथे अभिप्रेत नाही. हॅमंड, लाउरी, वुर्लिट्झर, बाल्डविन, थॉमस अशा अमेरिकी कंपन्यांची विजेवर चालणारी वाद्ये या कामासाठी मोडीत काढली जातात.

पार्श्वभूमी

लॉरेन्स हॅमंड यांचा ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला. पाइप ऑर्गन न परवडणारी चर्च हे त्याचे सुरुवातीचे मोठे गिऱ्हाईक. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र मध्यमवर्गीय अमेरिकी घराच्या दिवाणखान्यात ऑर्गन असणे प्रतिष्ठेचे झाले आणि घरगुती बेताचे छोटे ऑर्गन मोठ्या संख्येने खपले. हॅमंडचे एम-३ हे मॉडेल (१९५५ ते १९६४) त्यांतले नावाजलेले. पुढे ट्रान्झिस्टर आले, १९७० च्या दशकाच्या मध्यात हॅमंडने फिरत्या चकत्यांचे (धातूच्या दातेरी चकत्या फिरवून स्वर काढणारे) ऑर्गन बनवणे थांबवले, आणि नंतर हलक्या कीबोर्डांनी घरगुती ऑर्गनची बाजारपेठच संपवली. आजीआजोबांच्या पश्चात घर रिकामे करणाऱ्या नातवंडांना हे धूड नकोसे होते. हॅमंडचा मोठा बी-३ बाक आणि पायपट्ट्यांसह सुमारे १९० किलो भरतो. घरगुती मॉडेले त्याहून हलकी, पण तीही एकट्याने उचलण्याजोगी नाहीत. त्यामुळे ‘फुकट, पण तुम्हीच उचलून न्या’ अशा बोलीवर ती दिली जातात आणि रूपांतराचा कच्चा माल तिथून मिळतो.

ऑर्गन आणि गिटार ॲम्प यांचे नाते मात्र भंगारापुरते नाही. गिटार ॲम्प बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१ मध्ये स्वतंत्र रिव्हर्ब (आवाज घुमवणारी) पेटी काढली आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये तोच परिणाम ॲम्पच्या आत बसवला. त्यातली आवाज घुमवणारी स्प्रिंग हॅमंडकडून आलेली होती. ब्रिटनमध्ये व्हॉक्स ॲम्प काढणारे टॉम जेनिंग्ज आधी युनिव्हॉक्स नावाचे कीबोर्ड विकत, तर अमेरिकेत व्हॉक्सचे वितरण थॉमस ऑर्गन कंपनीकडे गेले. उलट दिशेचेही उदाहरण आहे. डीप पर्पल या रॉक बँडचे जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मार्शलच्या गिटार ॲम्पमधून वाजवत.

दोन ॲम्पमधला फरक

भाग पाहिले तर दोन्ही यंत्रे सख्खी भावंडे वाटतात. एम-३ मधल्या एओ-२९ या ॲम्पच्या शेवटच्या टप्प्यात ६व्ही६ व्हॉल्व्हची जोडी असते. १९५० च्या दशकातल्या फेंडर डीलक्समध्येही तीच. इतर अनेक घरगुती ऑर्गनमध्ये ईएल८४ ची जोडी सापडते, आणि व्हॉक्स एसी-१५ किंवा मार्शलचा १८ वॅटचा ॲम्प याच व्हॉल्व्हवर उभा आहे. फरक आहे तो हेतूत. ऑर्गनवर एकाच वेळी दहा बोटे आणि दोन पाय चालू असतात. इतके स्वर एकत्र आल्यावर ॲम्पने आवाज फाडला तर ऐकवणार नाही, म्हणून तिथे सारी रचना आवाज स्वच्छ ठेवण्यासाठी केलेली असते. गिटारवाल्याला नेमके उलटे हवे असते. तार हळू छेडली की आवाज साफ, आणि जोराने छेडली की तो गोड फाटला पाहिजे. रूपांतराचे बहुतेक काम म्हणजे एका सज्जन यंत्राला बेताने बिघडवणे.

दुसरी अडचण पातळीची. गिटारच्या पिकअपमधून (तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणाऱ्या भागातून) व्होल्टचा काही दशांशच भाग निघतो. ऑर्गनच्या मुख्य ॲम्पला आधीच्या टप्प्यांतून वाढवून आलेला सिग्नल घ्यायची सवय असते. त्यात गिटार थेट खुपसली तर आवाज येतो, पण मिणमिणता.

प्रत्यक्ष काम

पहिले पाऊल म्हणजे चासीवरून (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यावरून) नको ते काढून टाकणे. ऑर्गनचा ॲम्प अनेक पिनांच्या प्लगांनी बाकीच्या वाद्याला जोडलेला असतो. त्यांतून सिग्नल जातो, फिलामेंटचा (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचा) पुरवठा जातो, कधी मुख्य वीजही जाते. कोणती तार कुठली हे कागदावर मांडल्याशिवाय कटर हातात घेऊ नये. त्या मॉडेलचा सर्किट नकाशा मिळाला तर निम्मे काम झाले.

मग गिटारसाठी नवा पूर्वटप्पा (सिग्नल आधी वाढवणारा भाग) बांधला जातो. त्यासाठी १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह जवळजवळ ठरलेला. त्याचा वर्धनांक १०० असून प्रत्यक्ष एका टप्प्यात सिग्नल साधारण पन्नास-साठ पट वाढतो. व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेटला १०० किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडला दीड किलोओहम, प्रवेशाशी ६८ किलोओहम आणि ग्रिडपासून अर्थला एक मेगओहम, हे आकडे फेंडर-मार्शलच्या नकाशांतून जवळपास जसेच्या तसे उचलले जातात. पुष्कळ ऑर्गनमध्ये १२एयू७ बसवलेला असतो. त्याचा वर्धनांक वीसच्या आसपास, पण पिनांची मांडणी १२एएक्स७ सारखीच, त्यामुळे त्याच सॉकेटचा उपयोग होतो. फक्त रेझिस्टर बदलावे लागतात. दोन टप्प्यांमध्ये आवाजाचा आणि टोनचा पॉट (फिरवायचे बटण) येतो.

खर्जाचा प्रश्न इथेच सोडवायचा. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, ऑर्गनच्या पायपट्ट्या त्याच्याही खाली जातात. ऑर्गनसाठी ठेवलेले मोठे कपलिंग (दोन टप्पे जोडणारे) कंडेन्सर तसेच राहिले, तर आवाज फाटायला लागताच खर्ज गचाळ होतो. तिथे ०.०२२ मायक्रोफॅरडच्या आसपासचे बसवले की बराच फरक पडतो. ऑर्गनमधला ऋण प्रत्याभरणाचा (आवाज स्वच्छ ठेवायला आउटपुटचा काही भाग उलटा परत पाठवणारा) फासही सैल करतात किंवा काढून टाकतात. काढायचा नसेल तर एक गंमत ध्यानात ठेवावी: आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या असतील, तर ॲम्प सुरू होताच किंकाळी फोडतो. बिघाड मोठा वाटतो, पण दोन प्लेटच्या तारा अदलाबदल केल्या की तो जातो.

जुने इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वाळलेले असतात आणि मेणकागदाचे कपलिंग कंडेन्सर गळतात. गळका कंडेन्सर पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन व्होल्टेज टाकतो आणि व्हॉल्व्ह लालबुंद होतो. त्यामुळे ‘मूळ भाग जपून ठेवू’ हा हट्ट इथे कामाचा नाही.

ट्रान्सफॉर्मर

या उद्योगाची खरी किंमत चासीच्या वर दिसणाऱ्या दोन जड ठोकळ्यांत आहे. नवा व्हॉल्व्ह ॲम्प बांधताना पॉवर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हेच सर्वांत महाग पडतात, आणि ऑर्गनमध्ये ते फुकट मिळतात. शिवाय ऑर्गनच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरवर पूर्वी बऱ्याच जादा व्हॉल्व्हचा भार असे. तो गेल्यावर एखाद-दुसऱ्या १२एएक्स७ चे फिलामेंट, म्हणजे प्रत्येकी ०.३ अँपिअर, तो सहज सोसतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर काही छापलेले नसेल तर तो मोजता येतो. ट्रान्सफॉर्मर सर्किटपासून सुटा करून स्पीकरच्या बाजूला एक व्होल्ट एसी द्यायचे आणि प्लेटच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावायचा. समजा ३१.६ व्होल्ट दिसले. त्याचा वर्ग सुमारे १,०००, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर लावल्यावर व्हॉल्व्हना ८,००० ओहमचा भार दिसेल. ६व्ही६ किंवा ईएल८४ च्या जोडीला हाच आकडा मानवतो. जुन्या काही ऑर्गनमध्ये स्पीकरला कायमचा चुंबक नसून फील्ड कॉइल (विजेने चुंबक होणारे तारेचे वेटोळे) असते आणि तीच वीजपुरवठ्यात चोकचे (वीज सपाट करणाऱ्या कॉइलचे) काम करते. असा स्पीकर काढला की तिच्या जागी चोक किंवा जाड रेझिस्टर घालावाच लागतो.

धोके

अशा ॲम्पमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतात. रेझिस्टर लावून ते उतरवावे, मीटरवर शून्य पाहावे, मगच हात घालावा. जुनी दोन तारांची वायर काढून तीन पिनांची, चासीला अर्थिंग असलेली वायर बसवणे ऐच्छिक नाही. गिटारवादकाची बोटे धातूच्या तारांवर असतात आणि त्या तारा चासीशी जोडलेल्या असतात. मुख्य विजेतून चासीकडे जाणारा लहान कंडेन्सर दिसला तर तोही काढावा. पहिल्यांदा वीज देताना आपले इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बल्ब मध्ये ठेवला, की शॉर्ट असल्यास बल्ब लखलखतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आउटपुटला स्पीकर नसताना ॲम्प कधीच चालवू नये.

काय मोडू नये

चालू स्थितीतला चकत्यांचा हॅमंड एका १२ वॅटच्या ॲम्पसाठी फोडणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. असा गिटार ॲम्प नव्याने बांधता येतो. तो ऑर्गन आता कोणी पूर्वीसारखा बनवत नाही. लेस्ली १२२ या फिरत्या स्पीकरच्या पेटीतला ६५५० व्हॉल्व्हच्या जोडीचा ४० वॅटचा ॲम्पही पुष्कळांना खुणावतो. पण पेटीसकट लेस्लीला जी मागणी आहे, ती सुट्या ॲम्पला नाही. ज्यांचे स्वरनिर्मितीचे भाग निकामी झाले आहेत असे घरगुती ऑर्गन या कामाला योग्य, आणि तेच सर्वांत स्वस्त.

भारतात

भारतात घरगुती इलेक्ट्रिक ऑर्गनची लाट कधी आली नाही, त्यामुळे हे काम इथे विरळा. व्हॉल्व्ह रेडिओ आणि सभांचे भोंगे चालवणारे जुने ॲम्प हेच इथले जवळचे पर्याय. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईएल८४ अजून अधूनमधून विक्रीला दिसतात. अमेरिकेतून ॲम्प आणलाच तर २३० वरून सुमारे ११७ व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तेवढ्याने भागत नाही. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. तितक्याच व्होल्टेजवर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातले चुंबकत्व २० टक्क्यांनी वाढते आणि तो जास्त तापतो. म्हणून व्होल्टेज थोडे कमी ठेवतात. तरी ॲम्पचे यात निभावते. अख्खा हॅमंड आणला, तर त्याची सिंक्रोनस मोटर ५० हर्ट्झवर त्याच प्रमाणात सावकाश फिरते आणि कोमल गंधाराची पट्टी दाबल्यावर जवळजवळ षड्ज ऐकू येतो.