कमाल मात्रेच्या आकड्याआधी पानाचा माथा वाचा

अमेरिकेत रायफलची काडतुसे घरी भरणाऱ्याच्या टेबलावर तराजू, काडतूस जुळवण्याचे प्रेस यंत्र आणि बंदुकीच्या दारूचा डबा यांच्याबरोबर दारूच्या मात्रांचे तक्ते असलेले एक जाडजूड मॅन्युअल असतेच. नवख्याची नजर त्यात थेट कमाल मात्रेच्या रकान्याकडे धावते. वाचन मात्र पानाच्या माथ्यापासून सुरू व्हायला हवे, कारण केस (काडतुसाचे धातूचे नळकांडे) कोणत्या कंपनीची, प्रायमर (दारू पेटवणारी तळाची छोटी टोपी) कोणता, चाचणीच्या बंदुकीच्या नळीची लांबी किती आणि गोळी बसवल्यावर काडतुसाची एकूण लांबी किती, हे सारे तिथे दिलेले असते. खालचा आकडा या जुळणीवर केलेले मोजमाप आहे. जुळणी बदलली की तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

याचे कारण धूरविरहित दारूच्या ज्वलनात आहे. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी चढतो, म्हणून कमाल मर्यादेजवळ थोडीशी वाढही महागात पडते. .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी सामी या अमेरिकी मानक संस्थेने ठरवलेली मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे ४,२०० पट. हा दाब सांभाळण्यासाठी दारू ज्या एककात तोलतात तो ग्रेन जेमतेम ६४.८ मिलिग्रॅमचा, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त.

दोन मॅन्युअलांत एकाच गोळीच्या वजनासाठी वेगळे आकडे दिसले, तर त्यांतले एक चुकीचेच असे समजू नये. लष्करी केसची भिंत बहुधा जाड असते, त्यामुळे आतली जागा कमी होते आणि तेवढ्याच दारूने दाब वाढतो. निव्वळ तांब्याची गोळी शिसे भरलेल्या तितक्याच वजनाच्या गोळीपेक्षा लांब असते, त्यामुळे ती केसमध्ये अधिक खोल उतरते. म्हणून एक मॅन्युअल गोळी बनवणाऱ्याचे आणि दुसरे दारू बनवणाऱ्याचे घ्यावे, आणि दोन्ही चालू आवृत्तीतील असावीत. जुन्या आवृत्त्यांत दाब तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला यावरून मोजलेला असे, त्या पद्धतीत .३०८ ची मर्यादा ५२,००० एकके आहे, आणि हे आकडे आजच्या विद्युत संवेदकाच्या आकड्यांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत.

दारूचे नाव तर अक्षर न् अक्षर वाचावे. हॉजडन आणि आयएमआर या दारूच्या दोन्ही ब्रँडांची ४८३१ क्रमांकाची दारू आहे, पण आयएमआरची अधिक वेगाने जळते. केवळ क्रमांक पाहून एकीची मात्रा दुसरीला देणे धोक्याचे आहे.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. जिथे हे कायदेशीर आहे तिथे मॅन्युअलमध्ये दिलेल्या सुरुवातीच्या मात्रेपासून थोडे थोडे वर जायचे असते, आणि मंद जळणाऱ्या दारूच्या बाबतीत त्या मात्रेच्या खालीही उतरायचे नसते. त्याच नावाच्या दारूचा नवा डबा उघडला आणि त्याचा लॉट (उत्पादनाची खेप) क्रमांक वेगळा निघाला, तर चाचणी पुन्हा सुरुवातीच्या मात्रेपासून करावी लागते.