होलीच्या आडनावातलं गळालेलं अक्षर

फेब्रुवारी १९५६ मध्ये डेक्का या बड्या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने टेक्सासमधल्या लबक गावच्या एका १९ वर्षांच्या गाणाऱ्या पोराशी करार केला. पोराचं नाव चार्ल्स हार्डिन होली. चार भावंडांत शेंडेफळ, म्हणून घरचे 'बडी' म्हणायचे. करारपत्रावर त्याच्या आडनावातला इंग्रजी 'ई' गळाला. पोराने दुरुस्ती मागितली नाही, तेच नाव लावून टाकलं. देवनागरीत लिहिताना हा घोळ दिसतच नाही, आपल्याला दोन्ही 'होली'च. पण पुढच्या तीन वर्षांत या मुलाच्या बाबतीत जे जे घडलं, त्यात अशी कागदपत्रं सतत मध्ये येत राहिली, म्हणून सुरुवात इथून.

बडी होली आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतो तो मरणामुळे. ३ फेब्रुवारी १९५९, विमान अपघात, तीन गायक जागीच ठार. डॉन मक्लीन यांनी १९७१ मध्ये 'अमेरिकन पाय' या गाण्यात त्याला 'संगीत मेलं तो दिवस' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. कॉलेजच्या गॅदरिंगला गिटार घेऊन बसणारा एखादा तरी ते गाणं म्हणतोच. त्या विमानाचंच नाव 'अमेरिकन पाय' होतं, अशी एक लोणकढी थापही फिरत असते. विमानाला नाव वगैरे काही नव्हतं.

लबक म्हणजे सपाट, वाऱ्याधुळीचा कापूसपट्टा. घर बॅप्टिस्ट, देवळात जाणारं आणि गाणारं. बडी शाळेत असतानाच बॉब मॉन्टगोमेरी या मित्राबरोबर स्थानिक रेडिओवर कंट्री, म्हणजे अमेरिकन गावाकडच्या ढंगाची, गाणी म्हणायला लागला. रात्री मात्र गाडीतल्या रेडिओवर दूरच्या स्टेशनांवरचं कृष्णवर्णीयांचं रिदम अँड ब्लूज ऐकायचं, हा दुसरा अभ्यास. १९५५ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली लबकला आला. त्याच्या आधी मंचावर गाणाऱ्यांत ही पोरं होती, आणि त्यानंतर बडीचं कंट्रीवरचं चित्त उडालं. त्याच वर्षी थोरल्या भावाकडून पैसे उसने घेऊन त्याने फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार आणली. दृष्टी फार अधू. आधी बिनचष्म्याचा गाऊन बघितलं, मग बारीक काड्यांचा चष्मा, आणि शेवटी ती जाड काळी फ्रेम. चष्मिस पोरगा रॉक अँड रोल गाऊ शकतो, हे आधी त्याचं त्यालाच पटायला हवं होतं. पुढे लिव्हरपूलच्या, 'बीटल्स'वाल्या जॉन लेननलाही याच गोष्टीने धीर दिला.

डेक्काने त्याला नॅशव्हिलला बोलावलं. तिथे निर्माते ठरलेले, वादक ठरलेले, साचा कंट्रीचा. १९५६ भर तीन खेपा झाल्या, रेकॉर्डी खपल्या नाहीत. त्यांतच 'दॅट्ल बी द डे' हे गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं. 'द सर्चर्स' या चित्रपटात जॉन वेन हा नट वारंवार म्हणतो तो शब्दप्रयोग बडी आणि त्याचा ड्रमर जेरी ॲलिसन यांनी उचलला होता. डेक्काने ते गाणं तसंच पाडून ठेवलं आणि १९५७ च्या सुरुवातीला बडीलाही नारळ दिला. वर करारात एक कलम होतं: आमच्याकडे गायलेलं गाणं पाच वर्षं दुसरीकडे पुन्हा गायचं नाही. म्हणजे आपण ते विकणार नाही आणि तुलाही विकू देणार नाही.

लबकपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावात नॉर्मन पेटी यांचा स्टुडिओ होता. मोठ्या शहरांतले स्टुडिओ तासावर पैसे लावत, पेटी गाण्यावर लावत. त्यामुळे गाणं मनासारखं होईपर्यंत रात्र रात्र बसता येई. रात्रच, कारण दिवसा शेजारच्या रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज. २५ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री तिथे 'दॅट्ल बी द डे' नव्याने मुद्रित झालं. ते पाच वर्षांचं कलम चुकवायला रेकॉर्डवर बडीचं नाव घातलंच नाही; 'द क्रिकेट्स', म्हणजे रातकिडे, असं टोळीचं नाव दिलं. गंमत अशी की ही रेकॉर्ड ज्या ब्रन्सविक कंपनीने काढली ती डेक्काचीच उपकंपनी. उजव्या हाताने हाकललेला पोरगा डाव्या हाताने घरात घेतला. सप्टेंबरपर्यंत गाणं अमेरिकेत खपात पहिलं, नोव्हेंबरात ब्रिटनमध्येही पहिलं. मग कंपनीनेच तोडगा काढला: टोळीची गाणी ब्रन्सविकवर, बडीच्या एकट्याच्या नावाची कोरल या दुसऱ्या उपकंपनीवर. वाजवणारे तेच, गाणाराही तोच.

क्लोव्हिसच्या त्या खोलीत काय काय चालायचं हे वाचताना मला नेहमी आपल्याकडच्या हौशी नाटकवाल्यांची आठवण येते, हाताशी असेल त्यातून काम भागवायचं. 'एव्हरीडे' या गाण्यात ड्रम्स नाहीतच. ॲलिसन आपल्या मांड्यांवर थापा मारतोय, आणि पेटी यांच्या पत्नी व्हाय सेलेस्टा हे घंटांसारखा किणकिणणारा सूर देणारं वाद्य वाजवतायत. 'नॉट फेड अवे'ला ताल आहे पुठ्ठ्याच्या खोक्याचा. 'पेगी स्यू' हे गाणं मुळात बडीने आपल्या भाचीच्या नावावर 'सिंडी लू' म्हणून बांधलं होतं. ॲलिसनने आपल्या मैत्रिणीचं नाव पुढे सरकवलं. त्याचे ड्रम्स इतके दणदणत होते की ते बाहेरच्या खोलीत मांडावे लागले. पेटी त्यांचा आवाज प्रतिध्वनीच्या खोलीतून आत-बाहेर करत राहिले, म्हणून तो ताल लाटेसारखा पुढेमागे हलतो. मधल्या गिटारच्या तुकड्यात बडीचे दोन्ही हात गुंतलेले, तेव्हा गिटारवरची आवाज बदलायची कळ फिरवायला निकी सलिव्हन हा दुसरा गिटारवाला शेजारी गुडघ्यांवर बसला होता. आणि बडीचा गळा! एका शब्दाची सहा-सात अक्षरं करायची, मध्येच उचकी लागल्यासारखा सूर वर न्यायचा, पुढच्याच ओळीत पोरकट आवाज लावायचा. आपलं गाणं आपणच लिहायचं, आपल्याच मित्रांबरोबर वाजवायचं, मुद्रणात स्वतः लक्ष घालायचं. दोन गिटार, एक बास, एक ड्रमर. पुढे जगभर 'बँड' म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते बऱ्याच अंशी इथलं आहे. मार्च १९५८ मध्ये ही मंडळी ब्रिटनभर फिरली आणि तिथली पोरं पाहत राहिली. त्याच वर्षी लेनन-मॅकार्टनी यांच्या टोळीने लिव्हरपूलमध्ये आपलं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा निवडलेलं गाणं होतं 'दॅट्ल बी द डे'. याच टोळीने पुढे घेतलेल्या बीटल्स या किड्याच्या नावामागेही रातकिडेच.

पेटी हे स्टुडिओचे मालक होते, तसे टोळीचे व्यवस्थापकही झाले. गाण्यांच्या श्रेयात त्यांचं नाव लागू लागलं. 'पेगी स्यू'च्या पहिल्या श्रेयनामावलीत तर ॲलिसन आणि पेटी होते, बडी नव्हताच. पैसाही क्लोव्हिसच्या खात्यात जमा होई आणि तो पेटी यांच्या हातातून बाहेर येई. पेटी यांनी आवाजाला जे दिलं ते खरं, आणि हिशेब धड दिला नाही हेही खरं. त्यांची बाजू घेणारे आजही आहेत. मला ती पटत नाही.

जून १९५८ मध्ये न्यूयॉर्कला एका संगीत प्रकाशन कंपनीत स्वागतकक्षात बसणारी मारिया एलेना सँटियागो बडीला भेटली. ती मूळची पोर्तो रिकोची. पहिल्याच संध्याकाळी त्याने लग्नाची मागणी घातली आणि १५ ऑगस्टला लबकच्या घरी लग्न झालंही. जोडपं न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये राहायला गेलं. ऑक्टोबरात त्याने व्हायोलिनांचा ताफा घेऊन चार गाणी केली. रॉक अँड रोलवाल्याने असं करणं तेव्हा नवीन होतं. त्यांतलं 'इट डझन्ट मॅटर एनीमोर' पॉल अँका यांनी लिहिलेलं. वर्षाच्या अखेरीस बडी पेटी यांच्यापासून वेगळा झाला. ॲलिसन आणि बासवाला जो मॉल्डिन पेटींकडेच राहिले. क्रिकेट्स हे नावही तिकडेच गेलं. पैसे अडकले. वकील लावला, पण वकिलाच्या नोटिशीवर घरभाडं निघत नाही, आणि बायको गरोदर होती.

म्हणून त्याने 'विंटर डान्स पार्टी' हा दौरा पत्करला. २३ जानेवारी १९५९ ला मिलवॉकीपासून सुरुवात, २४ दिवसांत २४ गावं, अमेरिकेच्या मध्यभागातला ऐन हिवाळा. नव्या साथीदारांत गिटारवर टॉमी ऑलसप, ड्रम्सवर कार्ल बंच, आणि बासवर वेलन जेनिंग्ज. जेनिंग्ज लबकचा रेडिओ निवेदक, बास थोड्याच आठवड्यांपूर्वी शिकलेला, पुढे कंट्री संगीतातलं मोठं नाव झाला. बरोबर दोन नवे तारे: 'ला बाम्बा'वाला १७ वर्षांचा रिची व्हॅलेन्स आणि टेक्सासचाच रेडिओ निवेदक जे. पी. रिचर्डसन, ऊर्फ बिग बॉपर. व्हॅलेन्सचं खरं आडनाव व्हॅलेन्झुएला. तेही रेकॉर्डवाल्यांनीच कापलेलं.

आयोजकांनी गावं नकाशा न बघताच लावली असावीत. आज इकडे चारशे-पाचशे किलोमीटर, उद्या जवळजवळ त्याच वाटेने परत. बसगाड्या एकामागून एक बंद पडत गेल्या, हीटर चालत नसत. ३१ जानेवारीला डुलुथला कार्यक्रम झाला (प्रेक्षकांत बॉब डिलन नावाने पुढे गाजलेला १७ वर्षांचा मुलगा होता) आणि त्या रात्री विस्कॉन्सिनच्या जंगलात बस बंद पडली. थंडी उणे तीसच्या आसपास. वर्तमानपत्रं जाळून शेकलं. बंचच्या पायांना हिमदंश झाला, त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं.

२ फेब्रुवारी ही तारीख खरं तर रिकामी होती. ऐनवेळी आयोवातल्या क्लिअर लेक गावचा सर्फ बॉलरूम तीत घातला. तिकीट सव्वा डॉलर. पुढचं गाव मूरहेड, जवळपास सहाशे किलोमीटर. बडीने जवळच्या मेसन सिटीच्या विमानतळावरून चार आसनांचं बीचक्राफ्ट बोनान्झा ठरवलं, माणशी ३६ डॉलर. कारण साधं होतं: लवकर पोचून झोप काढायची आणि कपडे धुवायचे. जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या रिचर्डसनला दिली. ऑलसप आणि व्हॅलेन्स यांच्यात नाणं उडवलं गेलं, व्हॅलेन्स जिंकला. बडी जेनिंग्जला चिडवत म्हणाला, तुमची बस गोठून बसो. जेनिंग्जने उलट उत्तर दिलं, तुमचं विमान पडो. हे वाक्य त्याला जन्मभर छळत राहिलं.

रात्री १२ वाजून ५५ मिनिटांच्या सुमारास विमान उडालं आणि काही मिनिटांत, दहा किलोमीटरच्या आतच, मक्याच्या शेतात आदळलं. वैमानिक २१ वर्षांचा. बाहेर चंद्र नाही, तारे नाहीत, बर्फ भुरभुरतंय. जमीन कुठे आणि आभाळ कुठे हे डोळ्यांना कळणं शक्य नाही. अशा वेळी फक्त यंत्रांवर विसंबून उडण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. त्यात या विमानातलं जायरो यंत्र त्याच्या सवयीच्या यंत्राच्या उलट दाखवणारं होतं, नाक वर की खाली हे बघताना गफलत व्हावी असं. हवामानाचे धोक्याचे इशारेही त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. सरकारी चौकशीने त्याच वर्षी एवढं सगळं लिहून ठेवलं. तरी बर्फ वितळल्यावर शेतात बडीचं पिस्तूल सापडलं आणि विमानात गोळीबार झाल्याची कुजबुज सुरू झाली. २००७ मध्ये रिचर्डसनचं शव उकरून तपासलं गेलं, तेव्हा गोळीचा मागमूस निघाला नाही.

बडी २२ वर्षांचा होता. मारिया एलेनाला बातमी टीव्हीवरून कळली आणि धक्क्याने तिचा गर्भ गेला. मूरहेडचा कार्यक्रम रद्द झाला नाही. दौराही पुढे चालू राहिला. 'इट डझन्ट मॅटर एनीमोर' एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. गीतकार म्हणून मिळणारी त्या गाण्याची रॉयल्टी अँका यांनी मारिया एलेनाच्या नावे करून दिली. या सगळ्या कागदपत्रांत माणुसकीचा कागद म्हणावा असा मला हाच एक दिसतो.

न्यूयॉर्कच्या घरात बडीने टेपरेकॉर्डरवर एकट्याने गिटार घेऊन काही नवी गाणी म्हणून ठेवली होती. त्यांना साथसंगत चढवून ती बाजारात येत राहिली. १९६२ च्या सुमारास उरलेल्या टेपा पुऱ्या करण्याचं काम आईवडिलांनी नॉर्मन पेटी यांच्याच हाती सोपवलं. पेटी यांनी 'फायरबॉल्स' या टोळीकडून क्लोव्हिसमध्ये वाद्यं भरून घेतली, आणि त्यांतली दोन गाणी १९६३ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या पाचांत गेली.

लबकच्या दफनभूमीत एक सपाट दगड आहे, त्यावर गिटार कोरलेली आहे. आडनावात 'ई' आहे.