गटिंगेनचं घड्याळ आणि कुलाब्याची नोंदवही

१५८० मध्ये लंडनला होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे ११ अंश कललेली असे. १८२० च्या सुमारास त्याच लंडनला ती पश्चिमेला २४ अंशांवर होती. अडीचशे वर्षांत सुई पस्तीस अंश फिरली, आणि ती का फिरली हे कुणालाही सांगता येत नव्हतं. ज्या देशाचा सगळा व्यापार आणि सगळं आरमार त्या सुईच्या भरवशावर समुद्रात जात होतं, त्याला ही गोष्ट परवडणारी नव्हती. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने १६९८ ते १७०० या काळात 'पॅरामोर' जहाज घेऊन अटलांटिक पालथा घातला आणि सुईच्या कलाचा नकाशा छापला. पण सुई फिरतच राहिली आणि नकाशा जुना होत गेला.

सुईची दुसरी खोड अधिक गूढ होती. ती दिवसभरातही किंचित इकडेतिकडे होते, हे लंडनचे घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम यांनी १७२२ मध्ये पाहिलं होतं. आणि एखाद्या दिवशी तर ती काही तास पिसाटल्यासारखी हलते. बर्लिनमध्ये १८०६ च्या हिवाळ्यात जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट रात्र-रात्र जागून सुई वाचत बसला, तेव्हा त्याला हे थैमान ध्रुवीय प्रकाशाच्या रात्री दिसलं. 'चुंबकीय वादळ' हे नाव त्याचंच. त्याला पडलेला प्रश्न मला या सगळ्या कथेचं मूळ वाटतो: हे वादळ फक्त बर्लिनचं आहे की सगळ्या पृथ्वीचं?

एका माणसाने एका ठिकाणी बसून याचं उत्तर मिळणं शक्य नव्हतं. दोन दूरच्या गावांत, एकाच क्षणी, सारख्या उपकरणांनी सुई वाचायला हवी. हंबोल्टने बर्लिन, फ्रायबेर्गची खाण, पॅरिस आणि रशियातली काही ठाणी जोडून सुरुवात केली. पण कामाला काटेकोरपणा आणला तो जर्मनीतल्या गटिंगेनच्या गणिती कार्ल फ्रीडरिख गाउसने. सुईच्या आंदोलनांवरून चुंबकीय तीव्रता आधीही काढत, पण ती एका जागेच्या तुलनेत दुसऱ्या जागेची. लांबी, वस्तुमान आणि काळ एवढ्याच एककांत ती मोजायची रीत गाउसने १८३२ मध्ये दिली. मग विल्हेल्म वेबरच्या साथीने त्याने लोखंडाचा खिळाही नसलेली वेधशाळा बांधली. तिच्यात रेशमी धाग्यांवर एक चुंबकपट्टी टांगलेली, पट्टीला छोटा आरसा, आणि काही मीटर दूर दुर्बीण. आरशात दिसणारी मोजपट्टी दुर्बिणीतून वाचायची. पट्टी केसभर हलली तरी आकडा सरकलेला दिसतो, आणि वाचणाऱ्याला चुंबकाच्या जवळही जावं लागत नाही.

गटिंगेनची चुंबकीय संघटना उभी राहिली आणि युरोपातल्या वेधशाळा तिला जोडल्या गेल्या. वर्षातले काही दिवस ठरलेले असत. त्या दिवशी चोवीस तास, दर पाच मिनिटांनी, सगळ्यांनी सुई वाचायची, आणि वेळ पाळायची ती गटिंगेनच्या घड्याळाची. शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांतले आलेख एकाखाली एक मांडले, तेव्हा त्यांतले बारीकसारीक चढउतारसुद्धा जुळले. म्हणजे उपकरण बिघडलेलं नव्हतं आणि खोलीत कुणी चाकू घेऊन शिरलेलं नव्हतं. सगळ्या युरोपातून एकच थरथर गेली होती.

आता युरोपाबाहेर जायला हवं होतं, आणि तिथे सत्ता होती ब्रिटनची. हंबोल्टने एप्रिल १८३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना, ड्यूक ऑफ ससेक्स यांना, पत्र लिहून ब्रिटिश वसाहतींत ठाणी उभारायची विनंती केली. ब्रिटनमध्ये या कामासाठी जीव टाकणारा माणूस होता एडवर्ड सबाइन. तोफखान्यातला हा अधिकारी ध्रुवीय मोहिमांवर जाऊन आला होता आणि आकडे गोळा करण्यात कधी थकत नसे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले हम्फ्री लॉइड यांनी उपकरणांची बाजू सांभाळली. दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून नुकताच परतलेला खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल १८३८ मध्ये सरकारदरबारी शब्द टाकायला उभा राहिला. त्याच्या शब्दाला वजन होतं. लॉर्ड मेलबर्नच्या सरकारने पैसे मंजूर केले. एका निव्वळ वैज्ञानिक प्रश्नासाठी सरकारने एवढा खर्च उचलणं त्या काळात दुर्मीळच.

टोरांटो, सेंट हेलेना, केप ऑफ गुड होप आणि आजच्या टास्मानियातलं होबार्ट अशी चार ठाणी सरकारची. पहिल्या तिन्हींवर तोफखान्याचे तरुण लेफ्टनंट नेमले गेले. सेंट हेलेनाची वेधशाळा लाँगवुडला, नेपोलियनने अखेरची वर्षं काढली त्या भागात होती. होबार्टची लाकडी वेधशाळा कैद्यांकडून अवघ्या काही दिवसांत बांधून घेतली. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही ठाणी स्वतःच्या अंगावर घेतली. त्रिवेंद्रमला त्रावणकोरच्या महाराजांची वेधशाळा होती, तीही सामील झाली. आकडे जमले ते साम्राज्याच्या जोरावर, लष्करी शिस्तीवर आणि कैद्यांच्या श्रमावर; हे बाजूला ठेवून ही कथा सांगता येत नाही.

गटिंगेनला दुपारचे बारा वाजतात तेव्हा टोरांटोला पहाटेचे सहा, मुंबईला दुपारचे सव्वाचार आणि होबार्टला रात्रीचे नऊ वाजून गेलेले असत. प्रत्येक ठाण्याने आपला दिवस विसरून या एका घड्याळाशी नातं जोडायचं होतं. ग्रीनिचची वेळ जगाने मान्य करायला अजून चार दशकं होती. त्याआधी काही डझन खोल्यांपुरतं का होईना, जगाचं घड्याळ एक झालं होतं. माझ्या मते या मोहिमेतला सर्वांत मोठा शोध हाच. उपकरणं सुधारली, जुनी झाली, मोडीत निघाली; पण 'सगळीकडे एकाच क्षणी' मोजायची ही रीत आजच्या हवामानशास्त्रातही तशीच आहे.

मुंबईतली वेधशाळा कुलाब्याला होती. १८२६ मध्ये ती उभी राहिली ती खगोलवेधांसाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. प्रमुख होते एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार. त्यांच्या हाताखाली एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मदतनीस म्हणून कामाला लागला: अलिबागजवळच्या नागावचा केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढचे केरूनाना छत्रे, डेक्कन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक, टिळकांचे गुरू, पंचांग प्रत्यक्ष आकाशाशी जुळावं म्हणून 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे. 'आकाशात जे दिसतं ते खरं, पोथीत असो वा नसो' हा त्यांचा आग्रह सगळ्यांना माहीत आहे. त्यामागे कुलाब्यात तासातासाला आकडे लिहीत काढलेली तारुण्यातली सुमारे दहा वर्षं आहेत, असं मला मनापासून वाटतं.

२५ सप्टेंबर १८४१ रोजी मोठं चुंबकीय वादळ झालं. ग्रीनिच, टोरांटो, प्राग, केप अशा दूरदूरच्या ठिकाणी ते नोंदलं गेलं. हंबोल्टच्या प्रश्नाला उत्तर मिळालं: वादळ एका गावाचं नव्हतं, पृथ्वीचं होतं. होबार्टची नोंद मात्र अर्ध्यावर तुटली. युरोपात शनिवारची दुपार सरत होती तेव्हा होबार्टला मध्यरात्र उलटून रविवार लागला, आणि रविवारी काम निषिद्ध. हंबोल्टने नंतर याबद्दल जाहीरपणे हळहळ व्यक्त केली. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरची ती नोंद पूर्ण मिळती, तर त्या वादळाचं चित्र किती भरून आलं असतं!

दरम्यान जेम्स क्लार्क रॉस 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजं घेऊन दक्षिण ध्रुवाकडे गेला होता. १८३१ मध्ये उत्तरेच्या चुंबकीय ध्रुवावर पोचलेला हा माणूस. दक्षिणेचा चुंबकीय ध्रुव जमिनीवर, बर्फाच्या पलीकडे निघाला, त्यामुळे तिथे पाऊल ठेवता आलं नाही. पण सुईच्या कलावरून तो सुमारे ७५ अंश दक्षिणेला असल्याचं त्याने काढलं. गाउसने गटिंगेनला बसून, गणिताने, तो आधी ६६ अंशांजवळ आणि सुधारित हिशेबात ७२ अंशांच्या पुढे ठेवला होता. पृथ्वीचं चुंबकत्व जवळजवळ सगळं तिच्या आतूनच येतं, हेही त्याच गणिताने दाखवलं.

इथे एक प्रश्न उभा राहतो. गाउसला आपला सिद्धांत मांडायला मोजकेच आकडे पुरले. मग सबाइनने आकड्यांचे डोंगर कशाला रचले? ठाणी मंजूर झाली होती तीन वर्षांसाठी. सबाइन मुदत वाढवून घेत राहिला. लंडनजवळच्या वुलिचच्या कचेरीत सैनिक-कारकून वर्षानुवर्षं बेरजा-वजाबाक्या करत बसले. सिद्धांताविना आकडेमोड म्हणजे निव्वळ हमाली, असं कुणाला वाटलं तर त्यात वावगं नव्हतं.

त्या हमालीचं फळ १८५२ मध्ये मिळालं. टोरांटो आणि होबार्ट, पृथ्वीच्या दोन बाजूंची ठाणी. दोन्हीकडची वादळं १८४३ च्या सुमारास सर्वांत कमी आणि १८४८ च्या सुमारास सर्वांत जास्त झाली होती. इतक्या दूरच्या दोन जागा एकदम चढतात-उतरतात, तर कारण स्थानिक असणार नाही. जर्मनीतल्या डेसाऊ गावचा हाइनरिख श्वाबे १८२६ पासून रोज सूर्यावरचे डाग मोजत होता. त्याचा तक्ता हंबोल्टने आपल्या 'कॉसमॉस' ग्रंथात छापला, आणि त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करत होत्या सबाइनच्या पत्नी एलिझाबेथ. गाउसचा सिद्धांतही त्यांनीच इंग्रजीत आणला होता. श्वाबेच्या तक्त्यात डाग सर्वांत कमी १८४३ मध्ये, सर्वांत जास्त १८४८ मध्ये! पृथ्वीचं पोट तपासायला निघालेल्या माणसाच्या हाती सूर्य लागला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या रुडॉल्फ वोल्फ आणि आल्फ्रेड गोतिए यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडलं. पण तीन वर्षांच्या नोंदींत असं दहा-अकरा वर्षांचं चक्र सापडणं शक्यच नव्हतं. सबाइनची चिकाटी इथे सार्थकी लागली.

सात वर्षांनी, १ सप्टेंबर १८५९ ला, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावरच्या डागांच्या समूहावर काही मिनिटं टिकलेला प्रखर लखलखाट पाहिला. साडेसतरा तासांत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत फोटोच्या कागदावर आपोआप नोंद करणारी नवी यंत्रं होती. रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याला मात्र २ सप्टेंबरच्या सकाळी माणसं दुर्बिणीला डोळा लावून होती आणि वादळ वाढलं तशी अधिक जवळजवळच्या वेळांना आकडे लिहीत गेली. त्यांची नावं आपल्याकडे घेतली जात नाहीत. घ्यायला हवीत इतकं मोठं काम त्यांनी त्या सकाळी केलं.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा ट्रामच्या विजेच्या प्रवाहाने सुया हलणार आणि कुलाब्याच्या नोंदी निरुपयोगी होणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली, चुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं त्यांनी दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली. त्यामुळे कुलाब्याची जुनी मालिका अलिबागच्या नव्या मालिकेला अचूक जोडता आली.

१८५९ चे ते आकडे २००३ मध्ये पुन्हा उलगडले गेले. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष सिंग लाखिना आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी कुलाब्याची नोंद आजच्या एककांत मांडली. पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या सकाळी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), म्हणजे एकूण मूल्याच्या जवळपास ४ टक्क्यांनी, घसरला होता. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडाचा क्वेबेक प्रांत ज्या वादळाने नऊ तास अंधारात गेला, त्यात जागतिक सरासरीची घट होती सुमारे ५९० नॅनोटेस्ला. कॅरिंग्टनच्या वादळासारखं वादळ आज आलं तर वीजजाळ्यांचं आणि उपग्रहांचं काय होईल, याचे अंदाज बांधताना कुलाब्याची ती नोंद जगभरचे अभ्यासक अजूनही वापरतात.