उडालेले ड्रॉइंग कुठे कुठे शिल्लक असते

ऑटोकॅड या आराखडे काढण्याच्या प्रोग्रामची डीडब्ल्यूजी फाइल आतून पाहिली तर ती चित्रापेक्षा डेटाबेसला जवळची आहे. प्रत्येक रेषेची, वर्तुळाची, मजकुराच्या तुकड्याची वेगळी नोंद असते आणि तिला ‘हँडल’ म्हणून ओळखला जाणारा क्रमांक असतो. रेषा कोणत्या लेयरवर (एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी कोणत्या थरावर) आहे, दरवाजा कोणत्या ब्लॉकमधून (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार आकृतीतून) आला, माप कोणत्या भिंतीला जोडलेले आहे, हे सगळे या क्रमांकांनीच एकमेकांत गुंफलेले असते. सेव्ह चालू असताना वीज गेली आणि नोंदी कुठे आहेत हे सांगणारा भागच बिघडला, तर रेषा फाइलमध्ये शाबूत असूनही प्रोग्रामला सापडत नाहीत. मग फाइल उघडतच नाही.

ऑटोकॅडमधली ‘रिकव्हर’ कमांड अशा फाइलमध्ये शिरून नोंदी एकेक करून तपासते. फाइलच्या निरनिराळ्या भागांसोबत सीआरसी नावाचा पडताळा-अंक साठवलेला असतो. वाचलेल्या मजकुरावरून काढलेला अंक त्याच्याशी जुळला नाही, तर तो भाग बिघडला आहे हे कळते. दुरुस्त होण्यासारखे असेल ते दुरुस्त होते, बाकीचे गाळले जाते. हा दुसरा भाग लोक विसरतात. त्रुटी दुरुस्त झाल्याचा संदेश आला म्हणजे सगळे परत आले असे नाही. एखाद्या खोलीची मापे गेलेलीही असू शकतात. जुनी पीडीएफ शेजारी ठेवून ताडून पाहण्याला पर्याय नाही. ‘रिकव्हर’नेही काम झाले नाही तर कोऱ्या ड्रॉइंगमध्ये ती फाइल ‘इन्सर्ट’ करून पाहावी, कधी कधी तेवढ्यानेच निभावते.

पण बहुतेक वेळा फाइल बिघडलेली नसते. चुकीचा लेयर पुसून सेव्ह केलेले असते, किंवा प्रोग्राम मध्येच बंद पडलेला असतो. अशा वेळी उपयोगी पडतात त्या प्रोग्रामने न सांगता ठेवलेल्या दोन प्रती.

पहिली डॉट बॅक, म्हणजे .bak एक्स्टेन्शनची (नावाच्या शेवटी .bak असलेली) फाइल. तुम्ही सेव्ह करता तेव्हा ऑटोकॅड आधीच्या सेव्हची फाइल या नावाने त्याच फोल्डरमध्ये बाजूला ठेवते. ती नेहमी एक पाऊल मागे असते आणि पाऊल एकच असते. चूक करून एकदा सेव्ह केले तर डॉट बॅकमध्ये चांगले ड्रॉइंग आहे. घाबरून पुन्हा सेव्ह केले की चुकीचेच ड्रॉइंग तिथे जाऊन बसते. म्हणून काही गडबड दिसली की सेव्हला हात न लावता आधी डॉट बॅक दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करावी आणि त्या कॉपीचे एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी करावे. विंडोज एरवी एक्स्टेन्शन लपवून ठेवते. ते आधी दिसू द्यावे, नाहीतर नाव बदलते आणि एक्स्टेन्शन तसेच राहते.

दुसरी प्रत ऑटोसेव्हची. तिचे एक्स्टेन्शन एसव्ही$ असते आणि ती सहसा टेम्प फोल्डरमध्ये पडते. नेमकी जागा ‘सेव्हफाइलपाथ’ या सेटिंगमध्ये कळते. मूळ सेटिंगमध्ये ती दर 10 मिनिटांनी लिहिली जाते. मात्र घड्याळ सुरू होते ते ड्रॉइंगमध्ये पहिला बदल केल्यावर, आणि तुम्ही स्वतः सेव्ह केले की ते पुन्हा शून्यावर येते. ड्रॉइंग नीट बंद केले की ऑटोसेव्हची फाइल पुसली जाते. बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का?’ या प्रश्नाला घाईत ‘नो’ म्हणणाऱ्याला ती म्हणूनच वाचवू शकत नाही. प्रोग्रामच्या लेखी तुम्ही नीट, विचारपूर्वक बाहेर पडलेले असता. क्रॅश झाला असेल तर मात्र ती जागेवर असते, आणि पुढच्या वेळी ‘ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर’ ती आपणहून समोर ठेवतो.

या दोन्ही प्रती एकाच कॉम्प्युटरवर, बहुधा एकाच डिस्कवर असतात. फाइलच डिलीट झाली आणि रिसायकल बिनही रिकामा केला, तर प्रश्न डिस्कच्या पातळीवर जातो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर डिलीट केल्याने मजकूर लगेच पुसला जात नाही. ही जागा आता मोकळी आहे एवढीच नोंद होते, आणि कोणी नवीन काही लिहीपर्यंत जुना मजकूर तिथेच राहतो. रिकव्हरीचे सॉफ्टवेअर तो शोधू शकते, कारण डीडब्ल्यूजीचे पहिले सहा बाइट ठरलेले असतात: 2018 च्या फॉरमॅटमध्ये ‘एसी1032’, 2013 च्या फॉरमॅटमध्ये ‘एसी1027’. मात्र ते सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करणे म्हणजे हरवलेल्या फाइलवरच लिहिण्याचा धोका पत्करणे. फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या एसएसडीवर परिस्थिती आणखी वाईट. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम ‘ट्रिम’ आज्ञेने मोकळ्या झालेल्या जागा डिस्कला कळवते आणि डिस्क त्या सवडीने साफ करून टाकते. काही वेळाने शोधायला उरतच नाही.

म्हणजे प्रत कुठे आहे एवढे पाहून भागत नाही, ती मूळ फाइलपासून किती लांब आहे हे पाहावे लागते. लांब म्हणजे जागेने, आणि काळानेही. क्लाउडवर आपोआप सिंक होणारे फोल्डर जागेने लांब असते, काळाने मात्र अगदी चिकटलेले: इथे चूक केली की क्षणात ती तिकडेही होते. जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय चालू असेल तरच त्याला बॅकअप म्हणता येईल. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड व्यवस्थाही तशीच. डिस्क जळाली तर ती वाचवते, माणूस चुकला तर नाही. कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्क काळाने लांब असेलही, पण फाइली कुलूपबंद करणारे रॅन्समवेअर तिच्यापर्यंत सहज पोचते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला 3-2-1 नियम हेच अंतर राखतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्या मते ड्रॉइंगच्या बाबतीत त्यात आठवड्याभराच्या जुन्या आवृत्त्यांचीही भर हवी, कारण पुसलेला लेयर अनेकदा चार दिवसांनी लक्षात येतो.

एवढे करूनही फसगत होते. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या अनेक पद्धती असूनही ऐन वेळी त्या निरुपयोगी ठरल्या. नेहमीचा बॅकअप डेटाबेस सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तो फसल्याचे इशारे देणारे ईमेल परस्पर नाकारले जात होते. शेवटी साधारण सहा तास जुनी एक प्रत हाती लागली, ती चाचणीच्या कामासाठी घेतलेली होती. मधल्या तासांतला डेटा गेला तो गेलाच.

ड्रॉइंगचा बॅकअप तपासायचा तर तो दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडावा आणि तिथून एक शीट प्लॉट (प्रिंट) करावे. मूळ मशीनवर सगळे बरोबर दिसते, कारण एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग), एसएचएक्स हे ऑटोकॅडचे फॉन्ट आणि प्रिंटमधली रेषांची जाडी ठरवणाऱ्या सीटीबी फाइली तिथे आधीपासून असतात. दुसरीकडे मात्र निम्मा प्लॅन गायब, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आणि सगळ्या रेषा एकाच जाडीच्या, असे दृश्य दिसू शकते. ‘ई-ट्रान्समिट’ कमांड ही सगळी गोतावळ्याची मंडळी एका झिपमध्ये बांधून देते. काम हातावेगळे करताना हे झिप आणि पीडीएफ दोन्ही बॅकअपमध्ये टाकावे. अगदीच काही उरले नाही तर ती पीडीएफ कामी येते. ऑटोकॅड 2017 पासून व्हेक्टर पीडीएफमधल्या (स्कॅन केलेले चित्र नसून रेषा म्हणूनच साठवलेल्या पीडीएफमधल्या) रेषा परत ड्रॉइंगमध्ये घेता येतात, फक्त ब्लॉक आणि मापे सुट्या रेषा होऊन येतात आणि एसएचएक्स फॉन्टमधली अक्षरेसुद्धा.